हलकी बोट, जड बोट

शिडाच्या बोटी बांधायचं काम जाणणारा माणूस अख्ख्या सांगली जिल्ह्यात एकच असावा, आणि तो मी. ऐकायला हे बरं वाटतं. पण त्याचा खरा अर्थ एवढाच, की या कामाबद्दल ज्याच्याशी चार शब्द बोलावेत असा दुसरा कुणी इथं नाही.

कुपवाडला माझं फायबरचं छोटं शेड आहे. पाण्याच्या टाक्या, कारखान्यांतल्या पंख्यांची कव्हरं, बाथरूमची दारं, बागेतल्या घसरगुंड्या असलं काय काय तिथं बनतं. शेजारच्या शेडात नट-बोल्ट होतात, पलीकडं पशुखाद्य. टपरीवर चहा घेताना कुणी विचारलंच, "आधी काय करायचा?" तर मी सांगतो, "गोव्यात बोटी बांधायचो."

"मासे धरायच्या व्हय?"

"न्हाई, शिडाच्या. लोक त्यात राहत्यात. जग फिरत्यात."

यावर समोरचा "बरं" म्हणतो आणि ऊसतोडीच्या टोळीची तक्रार सांगायला लागतो. त्याचं काही चुकत नाही. त्याला समुद्राचं काय पडलंय?

मी मूळचा आटपाडीकडचा. घरात मेंढरं. पाण्याशी आमचा संबंध म्हणजे ते कुठं मिळेल तिकडं कळप घेऊन जायचं. गावचा एक जण गोव्यात फायबरच्या कारखान्यात होता, त्याच्या मागोमाग मी गेलो. लग्न झालेलं होतं. कमल गावी राहिली. मेंढरं होती, माझे आईवडील होते, पुढं मुलगा झाला. मी दिवाळीला आणि जत्रेला यायचो. थोडे दिवस काम करतो आणि परत येतो, असं म्हणून गेलो होतो. त्यात केस पांढरे झाले.

बाहेरच्या माणसाला बोटीचं वजन हा विषय चमत्कारिक वाटेल. तरंगते ना, मग झालं. पण आमच्या धंद्यात सगळी भांडणं त्यावरूनच. अडतीस फुटांच्या दोन बोटी शेजारी शेजारी उभ्या करा. दोन्हीला एकेक डोलकाठी, आत झोपायच्या दोन खोल्या, स्वयंपाकाची जागा, संडास. एक भरेल सातएक टन, दुसरी दहाच्या पुढं. किंमत दुसरीची दुप्पट तरी. लांबी तीच, रुंदी जवळपास तीच. मग हे वरचे तीन टन असतात कुठं?

मी दोन्ही प्रकारच्या बोटी बांधल्यात, म्हणून सांगू शकतो.

पहिला कारखाना हलक्या बोटींचा. एकसारख्या बोटी, एकामागून एक. मोठा साचा असतो, त्यात काचेच्या धाग्याचं कापड अंथरायचं, रेझिन, म्हणजे वाळून दगड होणारा चिकट द्रव, ओतायचं, रोलर फिरवून हवा काढायची, वर पुन्हा कापड. साचा मोकळा राहता कामा नये. एक बोट निघाली की दुसरीचं कापड तयार. मग पोटात एक प्रचंड ट्रे बसवायची. ट्रेलाच फासळ्या, ट्रेलाच बाकं, ट्रेलाच इंजिनाची जागा. खाली चिकट पेस्ट लावायची, क्रेननं ट्रे आत सोडायची आणि दाबून ठेवायची. सकाळी नुसतं पोकळ पोट असायचं, संध्याकाळी आत घर दिसायचं. कपाटं पातळ प्लायची, पाण्याच्या रेषेच्या वरच्या भागात दोन कापडांच्या मध्ये फोम भरलेला, आणि खाली ओतीव लोखंडाची कील. कील म्हणजे बोटीच्या पोटाखाली उतरलेला जाड पंख, माशाच्या परासारखा. वारा शिडाला लोटतो तेव्हा हे खालचं वजन बोटीला आडवी होऊ देत नाही. शिडाच्या बोटीला वजन लागतंच. प्रश्न असतो ते वर आहे का खाली, याचा.

या बोटी वाईट, असं मी म्हणणार नाही. थोड्या वाऱ्यातही पळतात. दोन माणसं हसतखेळत चालवतात. त्यांच्यामुळं साध्या नोकरदारालासुद्धा बोट घेता आली. एकच गोष्ट मला खटकायची. ती पेस्ट ट्रेच्या खाली सगळीकडं नीट लागली का, हे वरून दिसत नाही. विश्वास ठेवावा लागतो.

दुसरं यार्ड नदीच्या वरच्या अंगाला, माडांमध्ये. हॉलंडच्या एका म्हाताऱ्याचं. यान त्याचं नाव. तिथं एक बोट उभी राहायला वर्षाच्या वर लागायचं. ट्रे-बिट्रे काही नाही. एकेक फासळी हातानं बसवायची आणि कापडाच्या पट्ट्यांनी बोटीच्या अंगाशी एकजीव करायची. मधल्या भिंतींना दोन्ही बाजूंनी पट्ट्या, एकावर एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद. कील शिशाची. लाकूड खरं. तीन टन जातात ते असे, या पट्ट्यांत, या लाकडात.

पण यानला जड बोटीचा शौक होता असं समजू नका. वजनाचा त्याच्याएवढा वैरी मी पाहिला नाही. शेडच्या दारात त्यानं धान्याच्या दुकानात असतो तसला काटा ठेवला होता. दार, फळी, नळ, काहीही आत न्यायचं तर आधी काट्यावर. मी नवा असताना एका फासळीवर हात सैल सोडून रेझिन ओतलं. जाड, चकचकीत झाली. मला वाटलं, म्हातारा खूश होईल. त्यानं ती काट्यावर ठेवली, मग दोन विटांवर आडवी टाकली आणि तिच्यावर उभा राहिला. काडकन मोडली. "कापड म्हणजे ताकद," तो त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "रेझिन म्हणजे नुसता बोजा." तेव्हापासून जड वस्तू दिसली की मी आधी विचारतो, हे वजन कशाचं?

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका बाईंना स्वयंपाकाच्या ओट्याला संगमरवर हवा होता. यान म्हणाला, मग तेवढंच शिसं खाली घालावं लागेल, मग मोठं शीड लागेल, मग मोठी डोलकाठी, मग तुम्हाला दुसरा नवरा लागेल, कारण या नवऱ्याच्यानं ते शीड ओढवणार नाही. नवरा शेजारीच उभा होता. शेवटी आम्ही फोमवर कागदाएवढा पातळ दगड चिकटवून दिला. बाई जाईपर्यंत त्याच्यावरून हात फिरवत होत्या.

म्हातारा वारला. त्याच्या मुलींनी जागा विकली. मी परत आलो.

गावी घर होतं, कमल होती, मुलगा-सून, नातवंडं होती. पण त्या घराची घडी माझ्यावाचून बसून गेली होती. कमल मला पाहुण्यासारखं ताट वाढायची. मी कुठंही बसलो तरी कुणाच्या तरी जाण्यायेण्याच्या वाटेत बसलेलो असायचो. ती कधी वाकडं बोलली नाही. मीही नाही. महिन्याभरानं मी म्हणालो, कुपवाडला शेड भाड्यानं मिळतंय. ती म्हणाली, "बगा, तुमाला बरं वाटंल तसं." शेडच्या मागं एक खोली आहे, तिथं राहतो. रविवारी गावी जातो. जेवतो, परत येतो.

सुभेदार माझ्याकडं आले ते अशाच एका दुपारी, मोटारसायकलवरून. पाटणच्या बाजूचं गाव, कोयनाकाठची उसाची जमीन, सैन्यातून निवृत्त. ताठ, उंच माणूस. शेडात आल्या आल्या घसरगुंडीवर बोटानं टकटक केलं आणि म्हणाले, "बोटी करनारा बिरा तूच का?"

"व्हय."

"मला बोट घ्यायची हाय. शिडाची. हलकी घिऊ का जड?"

इतक्या वर्षांत मला सांगलीत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी हातातला ग्राइंडर बंद केला आणि त्यांना खुर्ची पुसून दिली.

ते सैन्यात शिडाच्या लहान बोटी चालवायला शिकले होते, शर्यतींत पदकं होती. बायको दोन वर्षांमागं गेली. मुलगा कॅनडात. शेती पुतण्या बघतो. आता उरलेले दिवस बोटीत काढायचे, एकट्यानं, किनाऱ्या-किनाऱ्यानं, असं त्यांनी ठरवलं होतं. गावात हसतात, तेही त्यांनीच सांगितलं.

"घरात का न्हाई राहत?" मी विचारलं.

"आठ खोल्या हाईत गड्या. एका खोलीत खोकलो तर सात खोल्यांत ऐकू येतंय."

मी त्यांना समजेल असं सांगितलं. रिकामी ट्रॉली रस्त्यावर उड्या मारते आणि भरलेली दबून चालते, तसंच बोटीचं. लाटांत हलकी बोट आपटते, माणूस दमतो. जड बोट लाट कापत जाते. पण भरलेली ट्रॉली उतारावर थांबवायची म्हणजे काय असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय पत्रकात लिहिलेलं वजन रिकाम्या बोटीचं असतं. पाणी, डिझेल, साखळी, बॅटऱ्या, धान्य, तुम्ही स्वतः, हे सगळं वर. ते ओझं दोघींना सारखंच, पण सात टनांच्या बोटीला ते जास्त जाणवतं. ती खाली बसते आणि तिचा हलकेपणा, ज्याच्यासाठी घेतली, तोच जातो. म्हणून हलकी घ्यायची तर सामानही हलकं लागतं.

"सामान कुठलं आलंय?" ते म्हणाले. "दोन बॅगा हाईत."

गोव्यात नदीत त्या वेळी दोन बोटी विकायला होत्या. एक मोठ्या कारखान्याची, हलकी. दुसरी यानच्या यार्डातली. आम्ही बांधलेल्यांपैकी तीच एक इकडं राहिली होती. तिच्या पोटातल्या पट्ट्या मी माझ्या हातानं बसवल्या होत्या. खरं सांगायचं तर सुभेदारांना मी गोव्याला घेऊन गेलो तो त्या बोटीसाठी.

आधी हलकी पाहिली. मी लाकडी हातोडीनं तिचं सगळं अंग वाजवून बघितलं. फायबर शाबूत असलं तर आवाज खणखणीत येतो, आत सुटलेलं असलं तर बद्द. ती खणखणीत होती. सुभेदार तिला एकट्यानं धक्क्यापासून काढून नदीच्या तोंडापर्यंत घेऊन गेले आणि परत आणली. 

मग माझी. तिच्या पायऱ्या उतरून आत गेलो तर जुन्या सागाचा वास तसाच. मी फरशीची फळी उचलून सुभेदारांना पट्ट्या दाखवल्या. एखाद्याला आपल्या नातवंडाचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा मी बोलत होतो. ते ऐकत होते, मान हलवत होते. म्हणाले, "किल्ला हाय रं किल्ला."

नदीत गेल्यावर सुभेदारांनी शीड चढवायला घेतलं. मोठं शीड, जाड कापड. दोर ओढत ओढत ते डोलकाठीच्या निम्म्याच्या वर नेलं, आणि थांबले. एक हात डोलकाठीवर, मान खाली. छाती भात्यासारखी चालली होती. मी पुढं झालो तर हातानंच थांबवलं. पुन्हा ओढलं. शीड हातभर चढलं आणि परत थांबलं. वाऱ्यानं बोट हळूहळू किनाऱ्याकडं सरकत होती. बोट दाखवायला आलेल्या माणसानं इंजिन लावलं.

सुभेदार माझ्याकडं बघत होते. विजेवर चालणारा रहाट बसवता येतो, ओढायला सोपं शीड शिवून घेता येतं, हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते बोललो असतो तर त्यांनी ती बोट घेतली असती, एवढं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण समुद्रात मध्येच वीज गेली तर दोर ओढायला दुसरं कोण असणार होतं?

"ही तुमच्यासाठी न्हाई," मी म्हणालो.

"तुझी हाय ना ही?"

"माझी हाय म्हणूनच सांगतोय. हिला दोन मानसं लागत्यात. तुमी ती हलकी घ्या."

बोट धक्क्यावर परत आली. मी बोटीतून उतरताना तिच्या कडेला हात लावला. बाकी काय करणार? ती बोट पुढं एकानं घेतली आणि धक्क्याला कायमची बांधून पर्यटकांना राहायला द्यायला लागला. दहा टनांची, जगाला फेरी मारील अशी बोट. आता तिच्यात लोक वीकेंडला येतात.

हलकी घेतली तेव्हा मी सुभेदारांना एकच बजावून सांगितलं. "कवा जमिनीला टेकली, तर मला आधी फोन करायचा. पुढं जायचं न्हाई." कारण हलक्या बोटीत कील खालून आपटली की तो दणका वर ट्रेच्या फासळ्यांना बसतो, आणि ती पेस्ट सुटू शकते. वरून सगळं नव्यासारखं दिसतं. आत फासळी आणि बोट वेगळी झालेली असते.

त्यानंतरचं वर्ष माझं बरं गेलं. संध्याकाळी सुभेदारांचा फोन यायचा. आज मालवण, आज देवगड. वारा कसा होता, बोट कशी चालली, डॉल्फिन दिसले. मी टाक्यांचं काम आवरून खोलीत बसलेलो असायचो आणि त्यांना विचारायचो, शीड किती कमी केलं होतं, बोट किती कलली. फोन ठेवल्यावर खोली जास्त शांत वाटायची, पण ती शांतता वेगळी.

माघ संपत आला होता. भर दुपारी फोन आला.

"बिरा, टेकली रं."

रत्नागिरीच्या वरच्या एका खाडीत शिरताना वाळूचा दांडा सरकलेला त्यांना कळला नव्हता. लाटेनं बोट उचलली आणि आपटली. चार-पाच वेळा. मग भरतीनं सुटली. आता आत नांगर टाकून उभे होते.

"पानी येतंय?"

"थेंब न्हाई. इंजिन चालू हाय. उद्या निघतो, परवा तेरवा गोवा."

"आधी खालच्या फळ्या काढा. टॉर्च घ्या. आन् लोखंड कापायचं पातळ पातं हाय का?"

"हाय."

"कीलचे बोल्ट दिसत्यात? त्यांच्या बाजूची फासळी बगा. फासळी जितं बोटीला चिकटलीय, तितं पातं घालून बगा. जोर लावू नका. जातंय का?"

फोनवर फळ्या सरकवल्याचा आवाज आला, मग नुसता त्यांचा श्वास. मी शेडात उभा होतो. बाहेर नट-बोल्टवाल्यांचं यंत्र ठोकत होतं, म्हणून मी दुसरा कान हातानं दाबून धरला.

"जातंय," ते म्हणाले. "बोटभर आत जातंय."

"दुसऱ्या फासळीला?"

"तितंबी जातंय."

"मग निघायचं न्हाई."

"अरं, पानी कुठं येतंय? समिंदर शांत हाय. दोन दिसांचं काम."

"सुभेदार, ती कील आता नुसत्या सालीवर लटकलीय. वाऱ्यात बोट कलली की ती साल वाकणार. दर लाटंला वाकणार. पानी यील तवा बादलीनं काढायचं न्हाई यायचं. कील गेली तर बोट पालथी हुईल."

"मला हुकूम देतोस व्हय?"

"व्हय, देतोय."

फळी परत जागेवर आपटल्याचा आवाज आला. शेवटी म्हणाले, "कवा येतोस?"

दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं मी निघालो. सामान म्हणजे ग्राइंडर, कापडाची गुंडाळी, रोलर. रेझिन रत्नागिरीत मिळालं. त्या खाडीतच मासेमारीच्या बोटी दुरुस्त होतात, तिथं क्रेन होती. तिनं बोट उचलून लोखंडी आधारांवर ठेवली, आणि आम्ही दोघं शिडीनं चढून तिच्यातच राहायला लागलो.

हे काम बाहेरच्यांना सांगण्यासारखं नाही. पालथं पडून, डोकं फरशीखाली घालून, सुटलेली पेस्ट घासून काढायची. काचेची भुकटी मानेत, बाह्यांत, पापण्यांत जाते आणि अंगाची आग होते. सुभेदार बादलीनं पाणी आणायचे, भुकटी झाडून काढायचे, भात टाकायचे. रेझिन सकाळी गारव्यातच लावायचं. उन्हं चढली की ते भांड्यातच दगड होतं. प्रत्येक फासळीला मी यानच्या पद्धतीनं पट्ट्या घातल्या, एकावर एक, रुंद होत जाणाऱ्या. हलक्या बोटीत थोडं वजन वाढलं, एखादा माणूस वाढावा एवढं. या वेळी मी कापडाचं वजन वाढवलं होतं, रेझिनचं नाही.

दुपारी काम बंद असायचं. बोटीच्या सावलीत बसून सुभेदार बायकोविषयी बोलायचे. त्यांना बोटीचं वेड, तिला पाण्याची भीती. ती असेपर्यंत त्यांनी बोट घेतली नाही. "ती गेली आन् मी मोकळा झालो," ते एकदा म्हणाले. "असा मोकळा कुनी हू नये बग."

मग त्यांनी विचारलं, "तुझी मालकीण कुठं असती?"

मी सांगितलं.

"तिनं बघितलीय का कवा, तू काय करत हुतास?"

"न्हाई. गोव्याला कवा आलीच न्हाई. मेंढरं कुनी बघायची?"

"तू बोलावलं हुतंस?"

मी आठवून बघितलं. बोलावल्याचं आठवेना.

त्यांनी माझा फोन उचलला, नंबर लावला आणि मला न विचारता बोलायला लागले. "वहिनी, मी सुभेदार बोलतोय. बिराचा दोस्त. तुमी हिकडं या एकदा. तुमचा मानूस काय काम करतोय ते बगायला या." पलीकडून ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. सुभेदार फोन परत देत म्हणाले, "इतीय म्हनली."

सुभेदारांचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. पट्ट्या घट्ट बसल्या. बोट गोव्याला पोचली, पावसाळ्यानंतर कारवार, मंगळूर करत कोचीला गेली, आणि सध्या ते तिथंच आहेत. धक्क्यावर त्यांना शेजार मिळालाय, एक निवृत्त खलाशी आणि एक फ्रेंच जोडपं. पत्त्यांचा डाव पडतो म्हणे. फोन आता आठवड्यातून एखादाच येतो. ते चांगलंच आहे. चांगलं आहे असं मी स्वतःला सांगतो.

कमल खाडीवर आली त्या दिवशी सकाळीच दुरुस्त बोट पाण्यात सोडली होती. स्टँडवरून मी तिला घेऊन आलो. हातात पिशवी, पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, ज्या मी गावी विसरलो होतो. धक्क्यावर ती थोडा वेळ नुसती उभी राहिली. मग पदर खोचला आणि माझा हात न धरता बोटीत पाऊल टाकलं. बोट किंचित कलली, तशी ती म्हणाली, "हाललीया की."

"हालनारच. हलकी हाय."

सुभेदारांनी चहा केला. ती आत फिरून सगळं बघत होती. नळ सोडून बघितला, कपाट उघडून बघितलं, संडासात डोकावून हसली. भिंतीवरून तळहात फिरवला.

"ही तुमी केलीया?"

"न्हाई. खालचं तेवढं दुरुस्त केलं."

"मग तुमी केलेली कुठंय?"

"गोव्यात हाय. लोक राहत्यात तिच्यात."

"हिच्यापरीस चांगली हाय?"

"जड हाय."

"जड चांगली असती का हलकी?"

तिनं असं काही मला आजपर्यंत विचारलं नव्हतं, आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. मी फळी उचलून तिला पट्ट्या दाखवल्या. ती बाकावर बसली, पिशवी उशाशी ठेवली. मी बोलायला लागलो. साच्यात कापड कसं अंथरतात, ट्रे कशी बसते, शिसं आणि लोखंड यांत फरक काय, खालचं वजन वेगळं आणि वरचं वेगळं कसं, यान काटा कुठं ठेवायचा, फासळी कशी मोडली. संगमरवराच्या बाईंचं सांगताना मला हसू आलं आणि मी वर बघितलं.

तिला झोप लागली होती. पहाटेपासून एसटीत बसून आलेली बाई. पाय पोटाशी घेतलेले, तोंड किंचित उघडं. भरतीचं पाणी बोटीच्या अंगाला लागून चुळूक चुळूक वाजत होतं आणि तिचा श्वास त्याच्याबरोबर खालीवर होत होता. सुभेदार वरून डोकावले. मी बोट ओठांवर ठेवलं. ते तसेच मागं सरकले.

मी फळी आवाज न करता जागेवर बसवली आणि समोरच्या बाकावर बसून राहिलो. मला राग आला नाही. वाईट वाटलं का, तेही नक्की सांगता येत नाही. बोलून संपलं नव्हतं एवढं खरं.

ती उठली तेव्हा ऊन कललं होतं. पदर सारखा केला, "आवं, उठवायचं न्हाई का?" म्हणाली, आणि सगळ्यांना भाकरी वाढली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं परत निघालो. घाटात तिला मळमळलं, म्हणून खिडकीची जागा दिली. रस्त्यात बोलणं झालं ते मेंढरांचं, नातवाच्या शाळेचं, शेडाच्या गळक्या पत्र्याचं.

सांगली स्टँडवर तिची आटपाडीची गाडी लागलेली होती. मला कुपवाडची सिटी बस. मी तिची पिशवी वर दिली. गाडी सुरू झाल्यावर तिनं खिडकीतून मान बाहेर काढली. इंजिनाच्या आवाजात तिला मोठ्यानं बोलावं लागलं.

"तितं झोप लय ग्वाड लागती हो!"

आजूबाजूचे लोक बघायला लागले. मी हात वर केला. गाडी वळून दिसेनाशी झाली. माझी बस येऊन, भरून, निघून गेली तरी मी तिथंच उभा होतो.